वाचकांचे प्रश्न : गळाला लागलेला मासा आणि पन्नास वर्षांची मोजदाद

मागील अंकात उत्तर अमेरिकेतील पंचमहासरोवरांवर (ग्रेट लेक्सवर) चालणाऱ्या हौशी मासेमारीची छायाचित्रे छापली होती. ती पाहून आलेल्या पत्रांत मासेमारीचे कौतुक कमी आणि शंकाच अधिक होत्या: मासा दिसतो तर छान, पण तो खाण्याजोगा आहे का, आणि पूर्वीपेक्षा आता अधिक खाण्याजोगा झाला आहे का? पाण्याचे रसायनशास्त्र शिकवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे संपादकांनी ही पत्रे माझ्याकडे धाडली. त्यांतील पाच पत्रे निवडून उत्तरे दिली आहेत. ज्या पत्रांत तोच प्रश्न पुन्हा विचारला होता, त्या वाचकांनी आपले उत्तर यांतच शोधावे.

प्रश्न : आम्ही टोरोंटोजवळ मिसिसागा येथे राहतो. शेजारचे गृहस्थ दर सप्टेंबरात क्रेडिट नदीत चढून येणारे चिनूक सामन गळाने पकडतात आणि एखादा आम्हालाही देतात. त्यांच्या म्हणण्यानुसार १९७० च्या दशकात ओंटारिओ सरोवराचा मासा कोणी घरात आणत नसे, आता मात्र पाणी इतके नितळ झाले आहे की तळाचे दगड दिसतात. तरीही प्रांतिक सरकारच्या पुस्तिकेत तो महिन्यातून किती वेळा खावा याचे बंधन दिलेले दिसते. खरे कोणाचे मानायचे? — एक गृहिणी, मिसिसागा

उत्तर : ताई, दोघांचेही खरे आहे, फक्त शेजाऱ्यांनी दिलेला पुरावा चुकीचा आहे. पाणी नितळ असणे आणि मासा निर्दोष असणे यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. पंचमहासरोवरांचे पाणी गेल्या तीस-पस्तीस वर्षांत नितळ झाले, त्यामागे सांडपाण्यावरील नियंत्रण जसे आहे, तसेच १९८८ मध्ये सेंट क्लेअर सरोवरात प्रथम सापडलेले झेब्रा शिंपले आणि त्यांची भावंडेही आहेत. हे परके शिंपले पाण्यातील सूक्ष्म वनस्पती गाळून फस्त करतात आणि पाणी काचेसारखे करून सोडतात. पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल्स) या कारखान्यांत बनवलेल्या पदार्थांसारखी रसायने मात्र डोळ्यांना दिसतच नाहीत. ती पाण्यात जवळजवळ विरघळत नाहीत, गाळाच्या कणांना आणि चरबीला चिकटतात. प्लवक म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, मग त्यावर जगणारा लहान मासा, मग त्याला गिळणारा मोठा मासा अशी एकेक पायरी चढताना त्यांची तीव्रता वाढत जाते आणि शेवटच्या पायरीवरील माशात ती भोवतालच्या पाण्याच्या लाखो पट होऊ शकते.

आता शेजाऱ्यांच्या बाजूने बोलतो, कारण त्यांची आठवण खोटी नाही. अमेरिकेत पीसीबीचे उत्पादन १९२९ पासून चालू होते. ट्रान्सफॉर्मरमधले तेल, रंग, कार्बन न लावता नक्कल उमटवणारा कागद अशा शेकडो ठिकाणी ते वापरले जाई आणि तेथून ते नद्यांत उतरे. डीडीटी शेतांतून आणि बागांतून येई. मिशिगन सरोवरात १९६६ मध्ये कोहो सामनची पिल्ले सोडण्यात आली. एलवाइफ नावाच्या परक्या चंदेरी माशाचे माजलेले थवे त्यांनी खावेत आणि हौशी मासेमारांनाही काही मिळावे, असा त्यामागचा दुहेरी हेतू होता. कोहोने दोन्ही कामे चोख केली, पण १९६९ च्या मार्चमध्ये याच सरोवरातील कोहोचा मोठा साठा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने डीडीटीच्या प्रमाणामुळे जप्त केला. त्याच वर्षी मिशिगन राज्याने डीडीटीवर बंदी घातली, १९७२ मध्ये ती देशभर आली. पीसीबीवर कॅनडाने १९७७ मध्ये निर्बंध आणले, अमेरिकेत १९७६ च्या कायद्यानुसार १९७९ पर्यंत उत्पादन बंद झाले.

त्याचा परिणाम माशात दिसायला वेळ लागला नाही. मिशिगन सरोवरातील लेक ट्राउट या माशात १९७० च्या दशकाच्या मध्यावर अख्ख्या माशामागे २० पीपीएमहून अधिक पीसीबी मोजले गेले होते. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग, म्हणजे शंभर किलोच्या दहा पोत्यांत एक ग्रॅम. हे वाचताना फार थोडे वाटते, पण खाण्याच्या माशात २ पीपीएम ही अमेरिकेतील कायदेशीर मर्यादा आहे, हे लक्षात घेतले की त्या आकड्याचे वजन कळते. पुढच्या दहा-बारा वर्षांत हे प्रमाण झपाट्याने उतरले आणि आज ते १ पीपीएमच्या खाली आहे. डीडीटीचीही अशीच घसरण झाली. रासायनिक प्रदूषणाच्या इतिहासात कायद्याचा इतका सरळ आणि इतका लवकर दिसलेला परिणाम मला तरी दुसरा सांगता येणार नाही.

पण १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतर हा उतार मंदावला. कारखान्याच्या नळातून येणारा ओघ थांबला की पहिला मोठा फरक लगेच पडतो. त्यानंतर जे उरते ते गाळात बसलेले, जुन्या कचराभूमींतून झिरपणारे आणि हवेतून येऊन पडणारे असते आणि त्याला थांबवायला नळाची चावी नसते. हवेतून येणे ही अतिशयोक्ती नाही. सुपीरियर सरोवरातील आइल रॉयल बेटावर सिस्किविट नावाचा एक तलाव आहे, त्याच्या काठी कारखाना नाही, शेती नाही, गाव नाही. त्यातील माशांतही पीसीबी आणि टॉक्साफीन सापडले. टॉक्साफीन हे मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेकडील कापसाच्या शेतांवर फवारले जाणारे कीटकनाशक होते. कापूस कुठे आणि सुपीरियर कुठे! त्यातच सुपीरियर सरोवराचे पाणी एकदा पूर्ण बदलायला सुमारे १९१ वर्षे लागतात, ईरीचे मात्र अडीच-पावणेतीन वर्षांत बदलते. त्यामुळे एका सरोवराचा अनुभव दुसऱ्याला लागू होत नाही.

तेव्हा पुस्तिकेतील बंधन हे मागील पापांचे शिल्लक व्याज आहे असे समजा. कॅनडा आणि अमेरिका यांच्या १९७८ च्या करारात मासे खाणाऱ्या पक्ष्यांच्या आणि प्राण्यांच्या संरक्षणासाठी अख्ख्या माशात ०.१ पीपीएमहून अधिक पीसीबी नसावे असे उद्दिष्ट ठेवले होते. सरोवरांतील मोठा लेक ट्राउट अजून तेथपर्यंत पोहोचलेला नाही. शेजारी देतात तो चिनूक मात्र लेक ट्राउटपेक्षा बराच निराळा आहे: तो तीन-चार वर्षांतच झपाट्याने वाढून मरतो, वीस वर्षे तळाशी साठवण करीत बसत नाही. त्याचा त्रास पाऱ्यापेक्षा त्याच्या चरबीतल्या पीसीबीचा आहे. पुस्तिकेत आपल्या पाण्याचे नाव, मग माशाची जात आणि मग त्याची लांबी अशा क्रमाने पाहावे. लांबी नाकाच्या टोकापासून शेपटाच्या टोकापर्यंत मोजायची. शेजाऱ्यांनी नुसत्या तुकड्या आणून दिल्या असतील तर आधी मासा केवढा होता ते विचारून घ्यावे, कारण त्याशिवाय त्या तक्त्यातील कोणताही रकाना तुमच्या उपयोगाचा नाही.

प्रश्न : माझा मुलगा कॅनडातील थंडर बे येथे शिकतो आणि मित्रांबरोबर आसपासच्या तलावांवर मासे पकडायला जातो. त्या तलावांच्या काठी मैलोन्मैल जंगल आहे, कारखान्याचे धुराडे औषधालाही नाही. तरीही तेथील वॉलआय या माशाबाबत पाऱ्याची सूचना आहे. कारखाना नसताना पारा आला कोठून, आणि पीसीबी कमी होत असताना पारा का कमी होत नाही? — सेवानिवृत्त अभियंता, नागपूर

उत्तर : आपल्या प्रश्नातील दुसरा भाग अधिक अवघड असल्यामुळे आधी पहिला घेतो. पारा हा पीसीबीसारखा माणसाने बनवलेला पदार्थ नव्हे, तो खडकांत आणि मातीत मुळातच असतो. कोळसा जाळला की त्यातील पारा वाफ होऊन वर जातो, महिनोन्‌महिने हवेत तरंगतो आणि हजारो किलोमीटरवर पावसाबरोबर, धुळीबरोबर किंवा झाडांच्या पानांवाटे खाली येतो. कोळशाशिवाय आज जगात माणसामुळे हवेत जाणाऱ्या पाऱ्याचा सर्वांत मोठा वाटा लहान प्रमाणावर चालणाऱ्या सोन्याच्या खाणकामाचा आहे. तेथे सोने पाऱ्यात मिसळून वेगळे करतात आणि मग पारा उघड्यावर जाळून उडवतात. तुमच्या मुलाच्या तलावावर पडणारा पारा अशा रीतीने कोठून कोठून आलेला असू शकतो.

तलावात पडलेला पारा तसाच राहता तर माशाला त्याचा फारसा उपद्रव झाला नसता. तळाच्या चिखलात, विशेषतः दलदलीच्या कडांना, जेथे प्राणवायू संपलेला असतो तेथे काही जिवाणू त्याचे मिथाइल पाऱ्यात, म्हणजे पाऱ्याच्या अधिक विषारी सेंद्रिय रूपात, रूपांतर करतात आणि हा मिथाइल पारा अन्नसाखळीत शिरून चढत जातो. जंगलातून येणारे चहाच्या रंगाचे, आम्लधर्मी पाणी या रूपांतराला पोषक असते. म्हणूनच ओंटारिओच्या उत्तरेकडील निर्जन, दिसायला अत्यंत निर्मळ तलावांतील मोठा वॉलआय किंवा पाइक कधी कधी शहराजवळच्या सरोवरातील माशापेक्षा अधिक पारा बाळगून असतो. मुलाला हे आवर्जून सांगा, कारण जंगलातले ते शुद्धच असणार ही समजूत नागपुरात जितकी पक्की आहे तितकीच थंडर बे येथेही आहे.

कारखान्यातून येणारा पारा हा वेगळा अध्याय आहे. १९७० मध्ये सेंट क्लेअर सरोवरातील माशांत पारा आढळल्याचे नॉर्वेहून आलेल्या नोरवाल्ड फिमराइट या संशोधक विद्यार्थ्याने दाखवून दिले आणि त्याच वर्षी तेथील मासेमारी बंद करावी लागली. क्लोरीन आणि कॉस्टिक सोडा बनवताना पाऱ्याचे विद्युतघट वापरणारा कारखाना त्याच्या वरच्या अंगाला होता. ओघ थांबताच तेथील वॉलआयमधला पारा पुढच्या दीड दशकात निम्म्याहूनही खाली आला, म्हणजे पीसीबीसारखीच कथा घडली. उलट त्याच प्रांतात ड्रायडेन येथील कारखान्याने १९६२ ते १९७० या काळात वाबिगून नदीत सुमारे ९ ते १० टन पारा सोडला आणि ग्रासी नॅरोज व व्हाइटडॉग येथील मूळनिवासी समाजांचे अन्न आणि मासेमारीच्या वाटाड्यांची उपजीविका एकाच वेळी नासली. मिनामाता आजाराचा (दूषित मासे खाल्ल्याने जपानमध्ये झालेल्या पाऱ्याच्या विषबाधेचा) अभ्यास करणारे डॉ. मासाझुमी हाराडा १९७५ मध्ये जपानहून तेथे येऊन रुग्ण तपासून गेले. ती नदी पन्नास वर्षांनंतरही पूर्ववत झालेली नाही. ८.५ कोटी डॉलर खर्चून ती स्वच्छ करण्याचे वचन प्रांतिक सरकारने २०१७ मध्ये, म्हणजे ज्यांच्या अन्नात तो पारा गेला त्यांची नातवंडे मोठी झाल्यावर, दिले. पंचमहासरोवरांच्या यशाच्या कहाण्या सांगताना ही नदी वगळली जाते, म्हणून येथे तिची मुद्दाम नोंद केली.

आता आपला खरा प्रश्न. १९७० आणि १९८० च्या दशकांत उतरलेला पारा १९९० नंतर अनेक तलावांत स्थिरावला आणि काही ठिकाणी वॉलआय व पाइक यांच्यात थोडा चढतानाही दिसला. स्थानिक धुराडी तर कमी झाली होती. ओंटारिओने २०१४ पर्यंत कोळशावरील सगळी वीजकेंद्रे बंद केली. तरीही आकडा हलत नाही, याचे एकच एक कारण सांगणारा माणूस भेटला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नये. जगाच्या इतर भागांतील धूर हे एक कारण आहे. उन्हाळे लांबणे हे दुसरे, कारण कोमट चिखलात जिवाणू अधिक कामसू होतात. तिसरे कारण अन्नसाखळीच्या बदलाचे आहे: परक्या शिंपल्यांनी प्लवक संपवले की लहान मासे उपाशी राहून सावकाश वाढतात, आणि सावकाश वाढणारा मासा तेवढाच पारा कमी मांसात साठवतो. त्यात १९९० मध्ये सापडलेला गोबी हा परका मासा शिंपले खातो, आणि गोबीला बास हा शिकारी मासा खातो. तळाचे जे वर येत नव्हते त्याला अशी नवी शिडी मिळाली.

मग धूर कमी करून उपयोग नाही का? आहे, आणि ते सिद्ध करणारा प्रयोग मला या साऱ्या विषयातील सर्वांत देखणा वाटतो. ओंटारिओच्या वायव्येस प्रयोगांसाठी राखून ठेवलेले तलाव आहेत. त्यांतील ६५८ क्रमांकाच्या तलावात संशोधकांनी २००१ ते २००७ अशी सात वर्षे पाऱ्याचा एक विशिष्ट समस्थानिक, म्हणजे ठरावीक वजनाच्या अणूंचा पारा, मोजून मापून टाकला. वजनाच्या या खुणेमुळे आपण टाकलेला पारा आणि आधीचा पारा माशाच्या मांसात वेगवेगळा ओळखता येत होता. नंतर टाकणे थांबवले. आठ वर्षांत त्या खुणेचा मिथाइल पारा पाइकच्या समूहात ३८ टक्क्यांनी आणि व्हाइटफिशच्या समूहात ७६ टक्क्यांनी घटला. जुन्या माशांनी अंगातला पारा टाकून दिला असे झाले नाही. ते मेले आणि त्यांच्या जागी कमी पारा खाऊन वाढलेली पिढी आली. आकाशातून येणारा पारा घटला तर मासा ती दखल दशकभरात घेतो, एवढे या तलावाने दाखवून दिले.

प्रश्न : आम्ही मूळचे मालवणचे, सध्या मिशिगनमध्ये नोवाय येथे असतो. नवऱ्याने पकडून आणलेला मासा मी मीठ, हळद आणि कोकमाच्या आगळात तासभर ठेवते, पाणी फेकून देते आणि मग कालवण करते. एवढ्याने रसायने निघून जातात का? ह्युरॉन नदीतला मासा मात्र मुळीच खाऊ नका असे ऐकले, तेथे काय वेगळे आहे? — एक वाचक, नोवाय

उत्तर : मीठ-हळदीने वास जातो, चव येते, रसायन जात नाही. मुरवण्याचे ते पाणी फेकताना त्यात पीसीबीही नसतात आणि पाराही नसतो.

प्रत्येक रसायन माशाच्या अंगात वेगळ्या जागी बसते, हे ध्यानात घेतले की स्वयंपाकघरात काय करता येईल ते आपोआप उलगडते. पीसीबी आणि डीडीटी चरबीत असतात. म्हणून कातडी सोलावी, पोटाकडची पातळ तेलकट पट्टी आणि पाठीच्या कण्यालगतची चरबी कापून टाकावी आणि मासा जाळीवर भाजावा, म्हणजे वितळलेली चरबी खाली ठिबकून जाते. अशा रीतीने पीसीबीचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून अधिक घटू शकतो. येथे आपल्या पद्धतीचा अडथळा येतो, हे स्पष्टच सांगायला हवे. कालवणात चरबी ठिबकून जाईल कोठे? ती वितळून रश्शावर तवंग होऊन तरंगते आणि आपण नेमका तोच तवंग भातावर ओढून घेतो. डोके उकळून केलेले सार आणि हौसेने तळलेली गाबोळी या तर माशाच्या सर्वांत तेलकट भागांच्याच पाककृती. ओंटारिओच्या पुस्तिकेतील आकडे कातडी आणि काटे काढलेल्या पाठीच्या मांसाचे असतात. डोक्यासकट, कातडीसकट, गाबोळीसकट मासा खाणाऱ्या घराला ते जसेच्या तसे लागू पडत नाहीत, आणि ही गोष्ट त्या पुस्तिकेत आपल्या दृष्टीने कोणी लिहिलेली नसते. सामन किंवा लेक ट्राउट असेल तर तो भाजावा, आणि कालवणासाठी यलो पर्चसारखा लहान, कमी चरबीचा मासा घ्यावा.

पाऱ्यापुढे मात्र सुरी निकामी ठरते, कारण तो मांसातल्या प्रथिनांना बांधलेला असतो. सोला, तळा, उकळा, तो तुकडीतच राहतो. त्यावर एकच उपाय म्हणजे लहान मासा खाणे, शिकारी जातींपेक्षा शाकाहारी-कीटकभक्षी जाती निवडणे आणि किती वेळा खाल्ला त्याचा हिशेब ठेवणे. ओंटारिओत एक जेवण म्हणजे २२७ ग्रॅम धरतात, म्हणजे पाव किलोहून जरा कमी. मूल होऊ शकण्याच्या वयातील स्त्रिया आणि १५ वर्षांखालील मुले यांच्यासाठी वेगळा, अधिक कडक रकाना असतो. घरात तोच पाहावा. माणसाच्या शरीरातील मिथाइल पारा निम्मा व्हायला साधारण दीड ते दोन महिने लागतात, त्यामुळे बाळाचा विचार असेल तर बंधन गरोदरपणाच्या आधीपासून पाळण्यात अर्थ आहे. मासाच बंद करणे मात्र मला पटत नाही. त्यातली मेदाम्ले बाळाच्या मेंदूलाच हवी असतात.

ह्युरॉन नदीचे प्रकरण पीफास गटातील रसायनांचे आहे. पाणी आणि तेल दोन्ही झटकून टाकणारे हे पदार्थ आग विझवण्याच्या फेसात, डाग न पडणाऱ्या कापडात, क्रोमचा मुलामा देण्याच्या कामात वापरले गेले. २०१८ च्या ऑगस्टमध्ये मिशिगन राज्याने ह्युरॉन नदीतील मासे खाऊच नका अशी सूचना काढली. त्याचा माग नदीच्या वरच्या भागातील एका क्रोम मुलामा कारखान्यापर्यंत लागला. ही रसायने चरबीत न बसता रक्तातील आणि यकृतातील प्रथिनांना चिकटतात, म्हणून तेथे चरबी कापणे आणि जाळीवर भाजणे या दोन्ही युक्त्या वाया जातात. पकडून परत सोडायला हरकत नाही, आणि नदीत पाय बुडवायलाही नाही.

प्रश्न : मी पुण्यात पर्यावरणशास्त्राची विद्यार्थिनी आहे. "तीस वर्षांत माशांतील पारा अमुक टक्क्यांनी घटला" अशी विधाने वाचनात येतात. तीस वर्षे तोच मासा तर कोणी मोजत नाही. मग तुलना कशाच्या आधारावर करतात? — विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : योग्य ठिकाणी बोट ठेवलेस. समज, एका तलावात १९८० मध्ये संशोधकांनी सत्तर सेंटिमीटरचे पाइक पकडले आणि २०१० मध्ये पन्नास सेंटिमीटरचे. पाऱ्याचे सरासरी प्रमाण निम्म्यावर आलेले दिसेल आणि तलाव सुधारला असा निष्कर्ष निघेल, वास्तविक सुधारला असेल तो फक्त आकडा. मासा जितका लांब आणि वयस्कर तितका पारा अधिक, हा नियम इतका पक्का आहे की लांबी न सांगता दिलेली कोणतीही सरासरी मी वाचूनही पाहत नाही. म्हणून प्रत्येक वर्षाच्या माशांची लांबी आणि पारा यांचा आलेख काढतात, त्यावरून एका ठरावीक लांबीच्या माशात त्या वर्षी किती पारा असता ते काढतात आणि मग वर्षांची तुलना करतात. अमेरिकेचा पंचमहासरोवरांवरील कार्यक्रम दुसऱ्या वाटेने जातो: तेथे लेक ट्राउट पकडतानाच ६०० ते ७०० मिलिमीटर लांबीचेच घेतात. तेथे मासा अख्खा दळून मोजतात, तर ओंटारिओ फक्त पाठीचे मांस मोजते. या दोन संख्या एकाच तक्त्यात शेजारी शेजारी मांडलेल्या दिसल्या तर तो लेख बाजूला ठेवावा.

याहून मोठी अडचण अशी की ज्या रसायनाचे नावच १९८० मध्ये कोणाला ठाऊक नव्हते, त्याचा १९८० चा आकडा आणायचा कोठून? त्याचे उत्तर कॅनडातील बर्लिंग्टन येथील एका शीतगृहात आहे. तेथे १९७७ पासूनचे माशांचे नमुने गोठवून ठेवले आहेत. आगप्रतिबंधक म्हणून गाद्यांच्या फोममध्ये आणि उपकरणांत वापरलेल्या ब्रोमीनयुक्त रसायनांवर लक्ष गेले, तेव्हा जतन केलेले जुने मासे बाहेर काढून मोजले गेले. लेक ट्राउटमधील त्यांचे प्रमाण दर तीन-चार वर्षांनी दुप्पट होत आल्याचे त्यातून कळले, आणि २००४ मध्ये त्यांतील मुख्य मिश्रणांचे उत्पादन अमेरिकेत थांबल्यावर ते उतरायला लागल्याचेही पुढे दिसले. पीफास गटातील पीएफओएसचेही तसेच: ओंटारिओ सरोवरातील लेक ट्राउटमध्ये ते १९८० ते २००१ या काळात सुमारे चौपट झाले होते, हे ते मासे मेल्यावर कित्येक वर्षांनी उमगले. तू पुढे संशोधनात गेलीस तर यंत्र नवे घेण्याआधी जुने नमुने कोणाकडे आहेत ते विचार.

प्रश्न : कोयनेच्या शिवसागर जलाशयावर आम्ही चार मित्र सुट्टीत गळ टाकतो. आपल्याकडे अशी पुस्तिका का नाही, आणि नसताना आम्ही काय समजून मासा खायचा? — एक शिक्षक, सातारा

उत्तर : गुरुजी, अशी जलाशयनिहाय आणि लांबीनिहाय पुस्तिका आपल्याकडे निघत नाही, कारण तिच्यामागे लागणारी अनेक वर्षांची, एकाच पद्धतीने केलेली मोजणी आपण केलेली नाही. एकेका ठिकाणचे अभ्यास झाले आहेत. कोडाईकनालच्या तलावात, तेथील थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद पडल्यावर, गाळात आणि माशांत पारा तपासला गेला. पण एकदा काढलेले छायाचित्र वेगळे आणि वर्षानुवर्षांची नोंद वेगळी. शेतीतील डीडीटी आपण १९८९ मध्ये थांबवले, डासांवरील वापर त्यानंतरही चालू राहिला. त्या फरकाची रेघ आपल्या नद्यांतील माशांत कशी उमटली ते दाखवणारा आलेख मिसिसागाच्या ताईंपुढे ठेवावा असा माझ्याकडे नाही.

शिवसागरापुरते एवढे सांगता येईल. नवे धरण भरले की बुडालेल्या मातीतील पाला-पाचोळा कुजून प्राणवायू संपतो आणि मिथाइल पारा वाढतो. क्वेबेकमधील ला ग्रांद प्रकल्पाच्या जलाशयांत पाइकमधील पारा असाच कित्येक पटींनी चढला आणि मूळ पातळीवर यायला वीस-तीस वर्षे लागली. कोयनेचे धरण १९६४ मधले, त्यामुळे तो काळ मागे पडला असे मानायला हरकत नाही. जातींचा विचार केला तर रोहू-कटला अन्नसाखळीत खालच्या पायरीवर आहेत, मरळ वरच्या पायरीवर, आणि महसीर तर आजकाल बहुतेक ठिकाणी पकडून सोडूनच देतात. मोठी, जुनी मरळ वारंवार खाऊ नये, मध्यम आकाराचा रोहू निश्चिंतपणे खावा.

आणि तुम्ही शिक्षक आहात म्हणून एक काम सुचवतो, त्याला खर्च थोडाच आहे. दरवर्षी एकाच महिन्यात, एकाच जागी, एकाच जातीचे आणि साधारण एकाच लांबीचे दहा मासे घ्या, फूटपट्टीवर लांबी आणि काट्यावर वजन लिहून ठेवा, आणि पाठीच्या मांसाचा काडेपेटीएवढा तुकडा काचेच्या बाटलीत घालून, तारखेची चिठ्ठी लावून, जवळच्या महाविद्यालयाच्या डीप फ्रीझरमध्ये ठेवून द्या. प्लास्टिकची पिशवी टाळा, तिच्यातूनच काही रसायने नमुन्यात उतरतात. फ्रीझरला बॅटरीची जोड असेल तर उत्तम, कारण सातारा भागात मे महिन्यात वीज किती वेळ जाते ते मी तुम्हाला सांगायला नको.